समुद्रात मदत मागताना आधी ‘कुठे’ सांगा

१५५४ हा नंबर आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा, मग पुढचं वाचा. समुद्रातल्या शोध आणि बचावाचं काम भारतात तटरक्षक दलाकडे आहे आणि हा त्यांचा टोल-फ्री क्रमांक. दुसरा १०९३, सागरी पोलिसांचा. तिसरा ११२, तो बहुतेकांना ठाऊक असतो. यातला कुठलाही लागला तरी निरोप पुढे जातो, पण बोट समुद्रात असेल तर पहिला प्रयत्न १५५४ चाच करा. मधला एक टप्पा वाचतो.

नंबर माहीत असणं हा सोपा भाग. अवघड भाग फोन लागल्यावर सुरू होतो. घाबरलेला माणूस “बोटीत पाणी शिरतंय, लवकर या” हेच पुन्हापुन्हा सांगत राहतो. पलीकडच्याला ते पहिल्या वाक्यालाच समजलेलं असतं. त्याला हवं असतं ते ठिकाण. महामार्गावर गाडी ठोकली तर टोलनाका, ढाबा, किलोमीटरचा दगड असं काहीतरी सांगता येतं. समुद्रात चारी बाजूंना सारखंच पाणी. म्हणून पहिल्या वाक्यात ठिकाण, दुसऱ्यात काय झालंय, तिसऱ्यात माणसं किती, हा क्रम पक्का डोक्यात ठेवा. ठिकाण सांगून झाल्यावर फोन तुटला तरी कुणीतरी निघू शकतं. रडगाणं सांगून झाल्यावर आणि ठिकाण राहून गेल्यावर तुटला, तर निघणार कुठल्या दिशेला?

पाणी थांबत नाही

ठिकाणाबरोबर वेळही सांगायची असते, कारण बोट त्या जागी राहत नाही. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा ओढ ताशी दोन-तीन सागरी मैलांपर्यंत जातो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यात वारा. पाण्यातला माणूस, उलटलेली होडी आणि उंच टपाची लाँच ही तिन्ही एकाच जागेवरून निघाली तरी वेगवेगळ्या वेगाने वाहत जातात.

शोध घेणारे लोक शेवटच्या ठाऊक जागेपासून हिशोब मांडतात. समजा, बोट ताशी एक सागरी मैल वाहतेय, पण कुठल्या दिशेला ते नक्की नाही. एका तासानंतर साधारण ११ चौरस किलोमीटर पाणी पाहावं लागेल. तीन तासांनंतर ते होतं ९७ चौरस किलोमीटर. वेळ तिप्पट झाला तर क्षेत्र नऊपट होतं. लाटांमध्ये माणसाचं डोकं काहीशे मीटरवरूनही दिसत नाही, मग ९७ चौरस किलोमीटरमध्ये ते शोधणं काय असेल ते बघा.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कळवायला उशीर करू नका. इंजिन बंद पडलं की आपल्याकडे तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, आधी तास-दीड तास स्वतःच खटपट करतो, मग ओळखीच्या नाखवाला फोन लावतो, आणि तटरक्षक दलाची आठवण अंधार पडल्यावर येते. हा अभिमानाचा भाग आहे आणि तो मला समजतो, पण दुपारी चार वाजता “अजून धोका नाही, इंजिन बंद आहे, अमुक ठिकाणी वाहतोय, कळवून ठेवतो” असं सांगायला काहीच लागत नाही. इंजिन चालू झालं तर परत सांगायचं, झालं. दुसरी गोष्ट नांगर. कोकण किनाऱ्याजवळ पाणी बऱ्याच ठिकाणी आठ-दहा वावच (एक वाव साधारण सहा फूट) असतं. इंजिन गेलं आणि नांगर टाकण्यासारखी खोली असेल तर आधी नांगर टाका. सांगितलेलं ठिकाण खरं राहतं.

ठिकाण सांगताना होणारे घोळ

किनारा दिसत असेल तर खुणेवरून सांगणं सगळ्यात सोपं. पण खूण आणि दिशा दोन्ही नीट हव्यात. “खांदेरीच्या पश्चिमेला दोन मैल” याचा अर्थ अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर उभं राहून पश्चिमेला पाहिलं तर दोन मैलांवर आम्ही आहोत. घाबरलेला माणूस नेमकं उलटं बोलून जातो, “खांदेरी आमच्या पूर्वेला दिसतंय” या ऐवजी “आम्ही पूर्वेला आहोत” म्हणतो आणि बचावाची बोट बेटाच्या दुसऱ्या बाजूला, किनाऱ्यावरच्या थळ गावाच्या अंगाला जाते. दिशेची खात्री नसेल तर “खांदेरी आणि किनारा यांच्या मध्ये” किंवा “खांदेरीच्या बाहेर, खोल समुद्राच्या बाजूला” असं साधं बोला. खांदेरी म्हणताय की उंदेरी, हेही जरा सावकाश उच्चारा. दोन्ही किल्ले शेजारी शेजारी आहेत आणि वाऱ्यात फोनवर दोन्ही नावं सारखीच ऐकू येतात.

गावाच्या नावांचा घोळ याहून मोठा. “नागावच्या समोर आहोत” असं कुणी सांगितलं, तर कुठलं नागाव? अलिबागजवळ एक आहे आणि उरणला एक. दोन्ही रायगड जिल्ह्यात, दोन्ही समुद्रकाठी, आणि मध्ये जवळपास २५-३० किलोमीटर. गावाबरोबर तालुका सांगायची सवय इथे जीव वाचवते.

किनारा दिसत नसेल, किंवा दिसूनही ओळखता येत नसेल, तर अक्षांश-रेखांश. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, हे अनेकांना माहीतच नसतं. फोनमधला जीपीएस उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतो. रेंज शून्य असली तरी गुगल मॅप्सवरचा निळा ठिपका चालू असतो, नकाशा कोरा दिसला तरी. ठिपक्यावर बोट दाबून धरलं की आकडे येतात. ते वाचून दाखवायचे. हे घरी सोफ्यावर बसून एकदा करून पाहा. हलत्या बोटीत ओल्या हातांनी पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही.

आता खरी गोम. हेच आकडे तीन पद्धतींनी लिहिले जातात. गुगल मॅप्स सहसा नुसते अंश दाखवतं, दशांश चिन्हासह: १८.८०. आयफोनचा होकायंत्र अंश, मिनिटं आणि सेकंद दाखवतो. बोटीवरचा जीपीएस बहुधा अंश आणि मिनिटं दाखवतो: १८ अंश ४८ मिनिटं. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून १८.८० अंश आणि १८ अंश ४८ मिनिटं हे एकच ठिकाण आहे, मांडव्याच्या रेषेवरचं. बोटीच्या यंत्रावर १८ अंश ४८ मिनिटं दिसताना कुणी फोनवर “अठरा पॉइंट अठ्ठेचाळीस” असं सांगून टाकलं, तर ऐकणारा ते १८.४८ अंश समजू शकतो. ते ठिकाण येतं रेवदंडा आणि काशीदच्या मध्ये, ३५ किलोमीटर दक्षिणेला. एका शब्दाची चूक आणि मदत दुसऱ्याच समुद्रात.

उपाय साधा आहे. प्रत्येक आकडा सुटा वाचा, आणि त्यानंतर अंश आहे की मिनिटं ते म्हणा. “एक आठ अंश, चार आठ मिनिटं, उत्तर.” फोनवरचे असतील तर “एक आठ पॉइंट आठ शून्य अंश, मिनिटं नाहीत” असं स्पष्ट सांगा. आणि पलीकडच्याला परत वाचून दाखवायला लावा.

फोनच्या मर्यादा

गेटवे ते मांडवा किंवा घारापुरीच्या फेरीत फोन चालतो. मासेमारीच्या बोटीला किंवा बाहेर गेलेल्या शिडाच्या नौकेला त्यावर भिस्त ठेवता येत नाही. किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर रेंज तुटायला लागते, आणि टॉवरचं तोंड मुळातच गावाकडे असतं. बोलणं तुटत असेल तर एसएमएस पाठवून पाहा, कमी रेंजमध्येही तो निसटून जातो. किनाऱ्यावरच्या कुणाला तरी ठिकाण, वेळ, माणसं आणि “१५५४ ला कळव” एवढं लिहून पाठवलं तरी पुरे.

ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. म्हणून बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की आपत्कालीन कॉल जायची सोय असते. ती सेटिंगमध्ये चालू आहे का ते निघण्यापूर्वी पाहा. फोन पाणी न शिरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा. काही नव्या फोनांत थेट उपग्रहावरून मदत मागता येते असं जाहिरातीत दिसतं. ती सोय ठरावीक देशांतच चालते, इथे ती आहे असं धरून समुद्रात जाऊ नका. परदेशातल्या भाच्याने भेट म्हणून सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणलं असेल तर त्याचीही पंचाईतच आहे. भारतात परवान्याशिवाय असली उपकरणं बाळगणं गुन्हा ठरतो आणि विमानतळावर ती पकडली गेल्याची उदाहरणं आहेत.

प्रवासी लाँचवर आणखी एक प्रकार होतो. शंभर माणसं असतात, प्रत्येकाला वाटतं की कुणीतरी कळवलंच असेल. तांडेलाला विचारा. त्याने कळवलं नसेल तर तुम्ही कळवा, दोनदा कळवलं गेलं म्हणून काही बिघडत नाही. पण त्याआधी लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा अनेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्या अपघातात १५ जण गेले. धडक बसल्यावर पाण्यात पडेपर्यंत मिळणारा वेळ फोन काढायचा की जॅकेटच्या दोऱ्या बांधायचा, असा प्रश्न आला तर दोऱ्या बांधा.

चॅनेल १६

रेडिओ जुनाट वाटतो, पण फोनला जे जमत नाही ते त्याला जमतं. फोन एकालाच ऐकू जातो. रेडिओ आसपासच्या सगळ्यांना. सागरी व्हीएचएफचं, म्हणजे बोटींवरच्या रेडिओचं, १६ नंबरचं चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झचं, ही समुद्रावरची चावडी आहे. मोठी जहाजं, तटरक्षक दल, बंदराचे नियंत्रण कक्ष, सगळे तिथे कान लावून असतात. आणि समुद्रात पहिली मदत बहुतेकदा सरकारी नसतेच, सगळ्यात जवळ जो असतो त्याची असते. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ प्रवासी बोटीत पाणी शिरलं तेव्हा ८८ माणसं वाचली, कारण गस्तीवरची पोलिसांची बोट अगदी जवळ होती. ती नसती तर पुढची जवळची बोट कुठली, हे फोनवरून कळलं नसतं. रेडिओवर ती स्वतःहून बोलली असती.

जीव धोक्यात असेल, म्हणजे बोट बुडतेय, आग लागलीय, माणूस पाण्यात आहे, तेव्हा बोलणं असं असतं (बोटीचं नाव ‘जलपरी’ धरू):

“मेडे, मेडे, मेडे. धिस इज जलपरी, जलपरी, जलपरी. मेडे, जलपरी. एक आठ अंश चार दोन मिनिटं उत्तर, सात दोन अंश चार सहा पॉइंट पाच मिनिटं पूर्व. खांदेरी दीपगृहाच्या पश्चिमेला दोन सागरी मैल. बोटीत पाणी शिरतंय, इंजिन बंद. ताबडतोब मदत हवी. नऊ माणसं, त्यात दोन मुलं. सगळ्यांनी जॅकेट घातलीत, नांगर टाकलाय. ओव्हर.”

‘मेडे’ हा शब्द ऐकला की बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं. इंग्रजी अडत असेल तर पुढचं हिंदीत किंवा मराठीत बोला, उगाच वाक्य जुळवत बसू नका. लगेच धोका नसेल, नुसतं इंजिन गेलंय किंवा कुणाच्या छातीत दुखतंय, तर ‘मेडे’च्या जागी ‘पॅन पॅन’ तीनदा. बाकी सगळं तेच.

नवखा माणूस एक चूक हमखास करतो. बटण दाबून बोलतो आणि घाबरून दाबूनच ठेवतो. बटण दाबलेलं असताना तुमचा रेडिओ ऐकू शकत नाही, आणि शेजारच्या कुणाला चॅनेलवर बोलताही येत नाही. बोला, ‘ओव्हर’ म्हणा, सोडा. उत्तर नाही आलं तर मिनिटभराने पुन्हा.

हातात धरायचा व्हीएचएफ साधारण पाच वॅटचा असतो, बोटीत बसवलेला २५ वॅटचा. पण ताकदीपेक्षा उंची महत्त्वाची, कारण या लहरी जवळपास सरळ जातात आणि पृथ्वीचा बाक आडवा येतो. छोट्या होडीतून छोट्या होडीपर्यंत पाच-सहा सागरी मैल मिळाले तर पुष्कळ. किनाऱ्यावर शंभर मीटर उंचीवर अँटेना असेल तर त्याच हँडसेटवरून पंचवीस मैलांपर्यंत बोलता येऊ शकतं. म्हणून बसून नको, शक्य असेल तिथे आधार धरून उभं राहून बोला.

बसवलेल्या रेडिओवर झाकणाखाली एक लाल बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की चॅनेल ७० वरून बोटीचा नऊ आकडी ओळखक्रमांक आणि जीपीएस जोडलेला असल्यास ठिकाणही आपोआप जातं. भारतीय बोटींचे हे क्रमांक ४१९ ने सुरू होतात. मात्र जीपीएस जोडलेला असावा लागतो. तो जोडला नसेल तर बटण दाबल्यावर पलीकडे कळतं की कुणीतरी संकटात आहे, कुठे ते नाही. म्हणजे पुन्हा मूळ पदावर.

खोल समुद्रात

फोन नाही, व्हीएचएफ पोचत नाही, अशा अंतरावर उपग्रहच कामाचा. इस्रोने मच्छीमारांसाठी केलेलं डॅट नावाचं यंत्र २०१० पासून वापरात आहे, आणि अशी २० हजारांहून जास्त यंत्रं बोटींवर गेली आहेत. संकटाचं बटण दाबलं की बोटीचं ठिकाण उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्राला आणि तिथून तटरक्षक दलाच्या समन्वय केंद्राला जातं. पश्चिम किनाऱ्यासाठी हे समन्वय केंद्र मुंबईत आहे.

जुन्या डॅटमध्ये एक मोठी उणीव होती. बटण दाबल्यावर संदेश पोचला की नाही, हे खलाशाला कळायला मार्गच नव्हता. आठ माणसं एका पेटीकडे बघत बसलीत आणि पेटी काही बोलत नाही, अशा वेळी कुणीतरी पोहत जायची कल्पना काढतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या नव्या पिढीच्या डॅटवर पोच येते, की संदेश मिळाला, मदत निघतेय. ब्लूटूथने ती मोबाइलवर वाचता येते. माझ्या मते या यंत्रातली ही सगळ्यात मोलाची सुधारणा आहे, कारण पोच मिळालेली माणसं बोटीला धरून राहतात. आणि उलटलेली का होईना, बोट वरून दिसते. एकटा पोहणारा दिसत नाही.

मोठ्या जहाजांवर आणि काही खासगी नौकांवर इपर्ब, म्हणजे संकटाचा संकेत उपग्रहाला पाठवणारं यंत्र, असतं. ते ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पस-सार्सॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह व्यवस्थेशी बोलतं. त्यातला भारताचा दुवा बंगळुरूला, इस्रोकडे आहे. जहाज बुडालं तर काही मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने ते स्वतः सुटून वर येतं आणि ओरडायला लागतं. मात्र त्याची नोंदणी केलेली हवी. नोंद असेल तर संकेत येताच केंद्र तुमच्या घरच्या नंबरवर फोन करून विचारू शकतं की बोट खरंच बाहेर आहे का, त्यावर माणसं किती. घरच्यांना याची उत्तरं माहीत असली पाहिजेत, एवढंच.

शेवटचे काहीशे मीटर डोळ्यांचे असतात. विमान डोक्यावर घिरट्या घालतंय आणि खालची होडी दिसत नाही, असं खूपदा होतं. पॅराशूटचा लाल रॉकेट ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळतो. तो दूरवरच्यांसाठी. हातातला लाल फ्लेअर, म्हणजे संकटाची मशाल, मिनिटभर जळतो. तो मदत दिसायला लागल्यावर. दिवसा नारिंगी धूर सगळ्यात चांगला. फ्लेअर बोटीच्या बाहेर, वारा जिकडे चाललाय त्या बाजूला हात लांब करून धरा, नाहीतर निखारे अंगावर येतात. मुदत संपलेले फ्लेअर वर्षानुवर्षं पेटीत पडून असतात, तारीख बघा. काहीच नसेल तर दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करत राहा. ही आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेली संकटाची खूण आहे. घाईने हात हलवले तर लांबून ते ‘टाटा’ वाटतं, आणि समोरची बोटही टाटा करून निघून जाते.

धरणाच्या पाण्यात यातलं जवळजवळ काहीच नसतं. तिथे तटरक्षक दल नाही, रेडिओ नाही, कॉल ११२ लाच. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. पोहून काठ गाठणारा एकच होता. अशा फेरीला निघताना काठावरच्या कुणाला तरी सांगून निघणं, हीच तिथली यंत्रणा. कुठून निघालो, कुठे जाणार, बोटीत किती, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळव. समुद्रावर जातानाही हेच करायचं, रेडिओ असला तरी.

एक राहिलं. इंजिन सुरू झालं, किंवा जाणाऱ्या मच्छीमाराने ओढून बंदरात आणलं, तर घरी जाऊन झोपू नका. आधी त्याच नंबरवर फोन करून सांगा की आम्ही सगळे किनाऱ्याला आहोत, एवढी माणसं, अमुक बंदर. तुम्ही सांगेपर्यंत जहाज आणि विमान शोधतच राहतं, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला त्यांची गरज असू शकते. डॅटचं किंवा रेडिओचं लाल बटण मुलाने चुकून दाबलं असेल तरी हेच. यंत्र गुपचूप बंद करून गप्प बसलात, तर पलीकडे त्याचा अर्थ बोट बुडाली असाही लावला जाऊ शकतो.